संकर गिटार (पिझो व मिडी पिकअप जोडणी)

संकर गिटार म्हणजे नेहमीच्या चुंबकीय पिकअपांखेरीज दाबविद्युत अर्थात पिझो पिकअप, आणि बहुधा प्रत्येक तारेचा संकेत स्वतंत्रपणे बाहेर देणारी षट्‌तारी पिकअप-यंत्रणा बसवलेली इलेक्ट्रिक गिटार होय. अशा एकाच वाद्यातून इलेक्ट्रिक गिटारचा, अकूस्टिक गिटारशी मिळताजुळता आणि सिंथेसायझरच्या साहाय्याने बासरी, व्हायोलिन किंवा संतूर यांसारखा ध्वनी काढता येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यक्रम करणाऱ्या लहान वाद्यवृंदात एकाच वादकाला दोन-तीन वाद्यांची जागा भरावी लागते. तेथे या जोडणीचा उपयोग उघड आहे. ही यंत्रणा काही गिटारींत कारखान्यातूनच बसवलेली असते, तर जुन्या गिटारीत ती नंतर बसवता येते. प्रस्तुत लेख मुख्यतः दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

तत्त्व

चुंबकीय पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत विद्युत्‌दाब निर्माण होतो. पिझो पिकअपचे तत्त्व वेगळे आहे. काही स्फटिकांवर दाब पडला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत्‌भार निर्माण होतो, हे झाक व प्येर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. गिटारमध्ये असे स्फटिक ब्रिजवरील सॅडलमध्ये, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या छोट्या तुकड्यात बसवतात. पिझोला तारेच्या धातूशी कर्तव्य नसते. त्यामुळे तो नायलॉनच्या तारांवरही चालतो.

एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. ‘मिडी पिकअप’ हा शब्द रूढ असला तरी बहुतेक असे पिकअप मिडी संदेश निर्माण करीत नाहीत. ते सहा तारांचे सहा वेगळे संकेत देतात, इतकेच. त्यांचे स्वरांत रूपांतर करण्याचे काम बाहेरचे यंत्र करते. हा भेद केवळ परिभाषेचा नाही. भारतीय संगीत वाजवणाऱ्याने कोणते यंत्र घ्यावे हे त्यावरच ठरते.

इतिहास

अकूस्टिक गिटारमध्ये सॅडलखाली पिझो बसवण्याची पद्धत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ओव्हेशन कंपनीने रूढ केली. जपानच्या रोलँड कंपनीने १९७७ मध्ये जीआर-५०० हा गिटार सिंथेसायझर आणि १९८० मध्ये जीआर-३०० आणला. मिडी ही वाद्यांची सामाईक संदेशपद्धती १९८३ मध्ये प्रचारात आली; म्हणजे षट्‌तारी पिकअप मिडीपेक्षा जुना आहे. १९९३ च्या पार्कर फ्लाय या गिटारीत चुंबकीय व पिझो पिकअप एकत्र होते. पुढे ग्राफ टेक, आरएमसी, एल. आर. बॅग्ज आणि फिशमन यांनी जुन्या गिटारीवर बसवता येतील असे पिझो ब्रिज किंवा सॅडल बाजारात आणले.

जोडणी

खोदकामापूर्वी समजून घ्यावी अशी गोष्ट संरोधाची आहे, कारण निकृष्ट ध्वनीचे मूळ बहुधा तेथे असते. पिझो स्फटिक विद्युत्‌दृष्ट्या लहानशा धारित्रासारखा वागतो. त्याच्यापुढे कमी रोध आला की खालच्या कंप्रता गळून जातात. उदाहरणादाखल, एका सॅडलची धारकता ५०० पिकोफॅरड धरली आणि तो २५० किलोओहमच्या नेहमीच्या व्हॉल्यूम पोटला थेट जोडला, तर सुमारे १,२७० हर्ट्‌झच्या खालचा भाग क्षीण होत जातो. गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंप्रता ८२.४ हर्ट्‌झ असते. त्यामुळे ऐकू येतो तो केवळ पत्र्यासारखा किरटा आवाज. हाच सॅडल १० मेगाओहम संरोधाच्या प्रीअँप्लिफायरला जोडला की ती मर्यादा सुमारे ३२ हर्ट्‌झपर्यंत उतरते आणि तारेचा मूळ स्वर पूर्ण मिळतो. म्हणून प्रीअँप्लिफायर ही ऐच्छिक वस्तू नव्हे, आणि तो गिटारच्या आतच, स्फटिकाच्या शक्य तितका जवळ असावा लागतो. लांब केबलची धारकता आणि वाटेत मिसळणारी गुणगुण या दोन्ही गोष्टी त्यामुळे टळतात.

प्रत्यक्ष कामात जुने सॅडल काढून त्याच मापाचे पिझो सॅडल बसवतात. तारांमधले अंतर उत्पादकागणिक वेगळे असते. ते मोजल्याशिवाय सुटे भाग मागवू नयेत. सॅडलच्या केसासारख्या वायरी ब्रिजखालच्या छिद्रांतून नियंत्रणांच्या खोबणीत नेतात. हलणारा ट्रेमोलो ब्रिज असेल तर वायरी मागच्या स्प्रिंगच्या खोबणीतून घेऊन थोडी ढील ठेवावी लागते, अन्यथा दांडी दाबताच त्या ताणल्या जाऊन कालांतराने तुटतात. दोन प्रीअँप्लिफायर पट्ट्या, बॅटरी आणि वाढीव पोट यांना जुन्या खोबणीत जागा बहुधा पुरत नाही. मग राउटरने लाकूड खोदावे लागते. स्ट्रॅटोकास्टरची जाडी सुमारे ४४ मिलिमीटर असल्याने खोलीचा अंदाज चुकल्यास पात्याला दुसऱ्या बाजूपर्यंत पोहोचायला फारसे अंतर उरत नाही. खोदलेले लाकूड परत येत नाही आणि जुन्या, मूळ स्थितीतील गिटारचे मोल त्याने घटते. अशा गिटारवर दुतर्फी टेपने किंवा कंसाने बाहेरून बसणारा रोलँड जीके-३ सारखा चुंबकीय षट्‌तारी पिकअप श्रेयस्कर. तो ब्रिजलगत बसवून तारेपासून सुमारे १ मिलिमीटर अंतरावर ठेवतात. मात्र तो पोलादी तारांवरच चालतो आणि त्यातून अकूस्टिक ध्वनी मिळत नाही.

पिझो व चुंबकीय संकेत एकत्र करताना दोहोंची ध्रुवता जुळली पाहिजे. ती उलट असल्यास दोन्ही आवाज मिसळताच खर्ज नाहीसा होतो. चुंबकीय संकेतही स्वतंत्र बफरमधून घेतल्यास एकाचा पोट फिरवल्याने दुसऱ्याचा आवाज बदलत नाही. अकूस्टिक संकेत गिटारच्या अँप्लिफायरमध्ये घालणे व्यर्थ आहे. त्या स्पीकरचा प्रतिसाद सुमारे ५ किलोहर्ट्‌झच्या पुढे झपाट्याने उतरतो आणि पिझोचा खरा जीव त्याच भागात असतो. त्यासाठी ध्वनिक्षेपण यंत्रणेतील स्वतंत्र चॅनल हवा.

प्रचलित तेरा पिनांच्या जोडात पहिल्या सहा पिनांवर तारांचे संकेत (पहिली पिन सर्वांत बारीक तारेची), सातवीवर नेहमीचा गिटार-संकेत, आठवीवर सिंथेसायझरच्या आवाजाचे नियंत्रण, दहावी व अकरावीवर कळा आणि शेवटच्या दोहोंवर धन व ऋण ७ व्होल्ट असतात. षट्‌तारी पट्टीला त्यामुळे यंत्राकडूनच वीज मिळते. अकूस्टिक पट्टीला ९ व्होल्टची बॅटरी लागते. ती वाया जाऊ नये म्हणून स्टिरिओ जॅक वापरतात: प्लग आत गेला की त्याच्या मधल्या संपर्कातून बॅटरीचे मंडल पूर्ण होते. प्लग लावून ठेवलेली गिटार म्हणूनच सकाळी मुकी सापडते.

मिडी आणि मींड

पियानोसारख्या कळफलकावर कोणता स्वर दाबला हे यंत्राला तत्क्षणी कळते. गिटारच्या तारेचा स्वर मात्र तिचे आंदोलन मोजूनच ओळखावा लागतो. जाड ई तारेचे एक आवर्तन १२ मिलिसेकंदांचे असते, बारीक ई तारेचे ३ मिलिसेकंदांचे. ओळख पटण्यास दोन आवर्तने लागतात असे धरले, तर जाड तारेवर २४ मिलिसेकंदांचा विलंब अटळ आहे. तितक्या वेळात ध्वनी हवेतून सुमारे ८ मीटर जातो. ढोलकीवाला तेवढ्या अंतरावर उभा राहून वाजवत असल्यासारखी ती लय वाटते. यंत्र कितीही महाग असले तरी पदार्थविज्ञानाची ही अट सुटत नाही. त्यामुळे सिंथेसायझरच्या सुरावटी वरच्या तारांवर वाजवण्याची प्रथा आहे. काही वादक सहाही तारा बारीक लावून यंत्रात स्वर खाली उतरवून घेतात.

मिडीमध्ये मींड ही ‘स्वर’ आणि ‘स्वरविचलन’ अशा दोन संदेशांत विभागली जाते. विचलनाचे १६,३८४ टप्पे असतात. कक्षा १२ अर्धस्वर ठेवली तरी एक टप्पा सेंटच्या सातव्या हिश्शाइतका, म्हणजे कोणत्याही श्रुतिभेदापेक्षा कितीतरी सूक्ष्म असतो. अडचण सूक्ष्मतेची नसून जुळणीची आहे. गिटारकडून १२ अर्धस्वरांच्या कक्षेने संदेश जात असेल आणि ध्वनी देणारे यंत्र नेहमीच्या २ अर्धस्वरांच्या कक्षेवर असेल, तर सा पासून कोमल गांधारापर्यंत ओढलेली मींड प्रत्यक्षात अर्ध्या अर्धस्वरावरच थांबते. शिवाय प्रत्येक तारेचे विचलन वेगळे असल्याने सहा तारांना सहा स्वतंत्र चॅनल द्यावे लागतात; एकाच चॅनलवर सर्व तारा पाठवल्यास एका तारेच्या मिंडेबरोबर सगळी सुरावट सरकते.

अनेक यंत्रांत ‘क्रोमॅटिक’ नावाची सोय असते. ती ऐकू येणारा स्वर जवळच्या अर्धस्वराला चिकटवते. चित्रपटगीतातील पियानोचा तुकडा वाजवताना ती उपकारक ठरते, पण दरबारी कानड्यातील आंदोलित गांधार तिच्यामुळे अक्षरशः पुसला जातो. कणस्वरांचीही गत बरी नाही: स्वर ओळखण्याआधीच कण संपलेला असतो. पोलादी दांडीने वाजवायच्या हवाईयन गिटारवर तार एका ओढीत सप्तकापलीकडे जाते. तेव्हा कक्षा २४ अर्धस्वर ठेवावी, नाहीतर मधेच नवा स्वर पुन्हा छेडला जातो.

यावर उपाय आहे, पण तो मिडीबाहेरचा. जीआर-३०० आणि १९९५ चे व्हीजी-८ यांसारखी यंत्रे स्वर ओळखत बसत नाहीत; तारेच्या मूळ संकेतावरच प्रक्रिया करतात. परिणामी मींड, गमक आणि छेडीची जोरकस-हलकी जातकुळी शाबूत राहते. रागदारी वाजवणाऱ्याने षट्‌तारी पिकअप जरूर बसवावा, पण त्यापुढे मिडी रूपांतरकापेक्षा अशा प्रकारचे यंत्र जोडणे अधिक फलदायी ठरते.

मराठी मुलुखातील संदर्भ

मुंबईत जन्मलेले तालवादक त्रिलोक गुर्टू (ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र) यांच्यासह जॉन मॅक्‌लॉफ्लिन यांनी नोव्हेंबर १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये केलेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध आहे. त्यात मॅक्‌लॉफ्लिन यांनी अकूस्टिक गिटारला फोटॉन मिडी यंत्रणा जोडली होती.

तथापि महाराष्ट्रात तारवाद्याला पिकअप बसवण्याची सर्वांत परिचित परंपरा गिटारची नसून बेंजोची आहे. मिरवणुकांत आणि लग्नांत वाजणारा हा बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तयार केलेल्या ताइशोगोतो या जपानी वाद्यापासून आलेल्या बुलबुलतरंगाचे ते विद्युत् रूप आहे. त्याच्या सुरेल तारा एकाच स्वरात लावलेल्या असतात व टाइपरायटरसारख्या कळांनी एकदमच दाबल्या जातात; त्यामुळे तारांखालचा चुंबकीय पिकअप पुरतो, प्रत्येक तारेचा वेगळा संकेत घेण्याची गरज पडत नाही. बेंजोला मिडी जोडायची तर स्वर ओळखण्याची कटकटही नाही, कळेखाली विद्युत् संपर्क ठेवला की पुरे. मिरजेच्या सतारी व तंबोरे (दोहोंना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) यांसारख्या पोकळ वाद्यांवर पिझोची चकती चिकटवता येते. पण भोपळा स्वतःच ध्वनी पकडत असल्याने मोठ्या आवाजात शिट्टी लवकर येते. भरीव गिटारीतील पिझो या दोषापासून बराच मुक्त असतो.

खानदेशात वापरताना

जळगाव–भुसावळ मार्गावरील नशिराबादसारख्या गावी लग्नसराईतील कार्यक्रम बहुधा मोकळ्या जागेत, उघड्या ध्वनिक्षेपण यंत्रणेसमोर होतात. अकूस्टिक गिटारला ती परिस्थिती प्रतिकूल असते आणि संकर गिटारचा फायदा तेथेच सर्वाधिक दिसतो. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सियसवर जाते. अशा उन्हात बंद गाडीत राहिलेल्या गिटारवरील जीके पिकअपची दुतर्फी टेप सैल पडते, म्हणून स्क्रूने बसणारा कंस बरा. उन्हाळ्यातील कोरडी हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे मान वाकते व तारांची उंची बदलते. चुंबकीय षट्‌तारी पिकअपचे १ मिलिमीटर अंतर मोसमागणिक तपासावे लागते, तर पिझो सॅडल तारेबरोबरच वर-खाली होत असल्याने त्याला हा त्रास नाही. सुटे भाग मुख्यतः कॅनडा, अमेरिका व जपान येथील असतात. बसवण्यासाठी मात्र राउटर हाताळणारा सुतार आणि बारीक डाख देता येणारा, ध्वनिक्षेपक दुरुस्त करणारा कारागीर यांनी एकत्र बसणे पुरेसे असते.

सर्वांत गंभीर बाब अर्थिंगची आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमार्फत मंडलाच्या भूमीशी जोडलेल्या असतात. जनरेटरवर चालणाऱ्या मंचावर अर्थिंग नसेल, किंवा गिटारचे यंत्र एका आणि मायक्रोफोनचा मिक्सर दुसऱ्या फेजवर असेल, तर तारांवर हात आणि मायक्रोफोनला ओठ लागताच धक्का बसतो. तो प्राणघातकही ठरू शकतो. सर्व यंत्रे एकाच स्रोतावर घ्यावीत, जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या सळईची तपासणी वायरमनकडून करून घ्यावी आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवावा. साध्या गिटार-संकेतासाठी बिनतारी प्रेषक वापरल्यास वादकाचा यंत्राशी विद्युत् संबंधच तुटतो. तेरा पिनांच्या केबलसाठी असा साधा बिनतारी प्रेषक चालत नाही; ती लावून गाणाऱ्या वादकाने कार्यक्रमापूर्वी तारा व मायक्रोफोनची जाळी यांमधील विद्युत्‌दाब मीटरने मोजून घ्यावा.