हृद्‌जन्य अवसाद : हृद्‌रोहिणीवरील उपचारांचा इतिहास

हृदयाची पंपक्रिया एकाएकी क्षीण झाल्याने रक्तदाब घसरतो आणि मेंदू, मूत्रपिंडे इ. अवयवांना पुरेसे रक्त मिळत नाही. या अवस्थेस हृद्‌जन्य अवसाद म्हणतात. व्यवहारात ती ‘कार्डिओजेनिक शॉक’ या नावाने ओळखली जाते. हृद्‌रोहिणी गुठळीने बंद पडून हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग निकामी होणे, हे तिचे प्रमुख कारण होय. रक्तदाब उतरला की हृद्‌रोहिण्यांतील प्रवाहही मंदावतो व स्नायूची आणखी हानी होते. हे दुष्टचक्र कोठे तोडावे, हाच उपचारांच्या इतिहासातील मुख्य प्रश्न राहिला आहे.

न्यूयॉर्क येथील टॉमस किलिप व जॉन किंबल यांनी १९६७ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याच्या २५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील अवसादग्रस्तांपैकी ८१ टक्के रुग्ण दगावले होते. त्याच वर्षी एड्रियन कँट्रोविट्झ यांनी महारोहिणीत फुगा ठेवून हृदयास आधार देण्याचा उपाय रुग्णांवर प्रथम योजला. १९७७ मध्ये आंड्रेआस ग्रून्टसिग यांनी झुरिक येथे फुग्याने हृद्‌रोहिणी रुंद करून दाखविली. मूळ अडथळाच दूर करणे त्यामुळे शक्य झाले. तथापि अत्यवस्थ रुग्णास हा उपचार सोसेल काय, याविषयी मतभेद होते. उपचार केलेले रुग्ण अधिक संख्येने वाचत असल्याचे दिसे. परंतु उपचारासाठी मुळात बऱ्या स्थितीतील रुग्णच निवडले जाण्याचा संभव असल्याने तो पुरावा निर्णायक नव्हता.

जुडिथ हॉकमन व सहकाऱ्यांची ‘शॉक’ चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ३०२ रुग्णांची यादृच्छिक विभागणी केली होती. एका गटात फुग्याने वा बायपास शस्त्रक्रियेने रक्तपुरवठा त्वरित पूर्ववत केला, तर दुसऱ्यात प्रथम औषधोपचारांवर भर दिला. तीस दिवसांअखेरचे मृत्युप्रमाण अनुक्रमे ४७ व ५६ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या निर्णायक ठरला नाही. सहा महिन्यांनी मात्र ही प्रमाणे ५० व ६३ टक्के झाली आणि शीघ्र उपचाराचा लाभ स्पष्ट झाला.

पुढील चाचण्यांनी काही रूढ समजुती बदलल्या. २०१२ मध्ये ६०० रुग्णांच्या चाचणीत महारोहिणीतील फुग्यामुळे तीस दिवसांचे मृत्युप्रमाण घटत नसल्याचे आढळले. अनेक रोहिण्या अरुंद असल्यास त्या एकाच वेळी मोकळ्या करणे हितावह, असाही समज होता. २०१७ मधील ‘कल्प्रिट-शॉक’ चाचणीत केवळ झटक्यास कारणीभूत रोहिणी प्रथम उघडलेल्या गटात तीस दिवसांत ४३ टक्के, तर सर्व रोहिण्या तत्काळ उघडलेल्या गटात ५२ टक्के रुग्ण दगावले. २०२४ मध्ये निवडक रुग्णांत डाव्या निलयात बसविलेल्या सूक्ष्म पंपाने मृत्युप्रमाण घटले. मात्र रक्तस्राव व इतर उपद्रव वाढले.

अवसादग्रस्त रुग्णाची बंद हृद्‌रोहिणी त्वरेने उघडावी, परंतु त्या प्रसंगी आवश्यक तेवढेच करावे, हे या अनुभवाचे सार होय. तरीही यांपैकी बहुतेक चाचण्यांत शीघ्र उपचार मिळूनही दहापैकी चार ते पाच रुग्ण वाचू शकले नाहीत.