सर्जापूर रोडवरचा भोंडला

बंगळूरमध्ये इब्बलूरला आउटर रिंग रोड सोडून तुम्ही सर्जापूर रोडला वळता आणि काचेच्या इमारती विरून जातात. दोन्ही बाजूंना नाचणी पोटरीला आलेली, मध्येच निलगिरीची रांग, कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्यावरून येणारा गार वारा. १९९८ चं नवरात्र आहे.

रस्त्याकडेच्या भाड्याच्या खोलीत तुमचा संगणक. रात्री अकराला घरमालक झोपले की त्यांच्या टेलिफोनची वायर मोडेममध्ये खोचायची मुभा आहे. मोडेम किंचाळतो, खरखरतो, गप्प होतो. व्हीएसएनएलला लागला!

जिओसिटीजवर तुमचं घर, म्हणजे वेबपान, आहे: यॉसेमिटी वस्तीत, घरनंबर चार आकडी. डोंगर भटकणाऱ्यांना हीच वस्ती. राजगडाचे सहा फोटो, चढायच्या वाटा, आणि मराठी मजकूर चित्रं करून लावलेला, कारण परक्याच्या संगणकावर तुमचा फॉण्ट नसतो. घर सजलंय, पण येत कुणी नाही. गूगल नावाची कंपनी कॅलिफोर्नियात याच महिन्यात नोंदली गेलीय; तुमच्या कानावर ते नाव अजून आलेलं नाही.

म्हणून तुम्ही भटक्यांच्या एका वेबरिंगचा, म्हणजे दुव्यांनी एकमेकांना जोडलेल्या पानांच्या फेराचा, फॉर्म उघडलाय. पानाचं नाव, पत्ता, ईमेल, दोन ओळींची ओळख. पाठवलंत की एक क्रमांक मिळतो आणि एचटीएमएलचा तुकडा. तो पानाच्या तळाशी चिकटवायचा: मागचं पान, पुढचं पान, कुठलंही एक, सगळ्यांची यादी. तोवर तुम्ही रांगेत. रिंगमास्टर, म्हणजे रिंग सांभाळणारा, स्वतः येऊन बघणार, पान खरंच डोंगरांचं आहे का, तुकडा नीट लागलाय का. आपल्या घरातून पाहुण्याला शेजारी जायची वाट ठेवलीत, तरच तुम्ही फेरात. ही अट मला फार मोलाची वाटते.

तुकडा वाचताना तुम्ही थबकता. ‘पुढचं’ या दुव्यात शेजाऱ्याचा पत्ताच नाही! आहे तो वेबरिंगच्या सर्व्हरचा, सोबत रिंगचं नाव आणि तुमचा क्रमांक. पाहुणा आधी तिथे जातो. तिथली स्क्रिप्ट यादीत तुमच्यानंतर कोण ते बघते आणि त्याला तिकडे धाडते. डेनिस हाउने १९९४ मध्ये पानांची एकाच दिशेने फिरणारी साखळी कल्पिली; पुढच्याच वर्षी ऑरेगनच्या सेज वाइल या पोरसवदा मुलाने यादी अशी मधोमध आणून ठेवली. भोंडल्यात पाटावरचा हत्ती मध्ये आणि फेर भोवती, तसं. एखादी दमून बाहेर पडली की तिच्या दोन्हीकडचे हात जुळतात, गाणं थांबत नाही.

पण पाटच हलवला तर? तुम्ही पुढच्या काळातून आलात, तुम्हाला ठाऊक आहे. २००० च्या सप्टेंबरात याहू वेबरिंगची मांडणी बदलेल आणि कित्येक फेर विस्कटतील. ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीजच बंद होईल. तरी तुम्ही तुकडा चिकटवता, पान वर चढवता.

तिसऱ्या रात्री मेल येते: घेतलं. तुम्ही आपल्याच पानाच्या तळाशी जाऊन ‘पुढचं’ दाबता. कुणाचा तरी फोटो उतरू लागतो, वरून खाली, एकेक पट्टी. आधी नुसतं आभाळ. मग ढग. मग हळूहळू कोकणकड्याची कडा.