मूल सांभाळणाऱ्या मावशी आणि घरातल्या मर्यादा

पहाटे सहाच्या सुमारास चिखलीतील साने चौकात किंवा म्हेत्रेवस्तीच्या रस्त्यावर उभे राहिले, की कंपन्यांच्या बसगाड्या माणसे गोळा करत चाकण, भोसरी आणि तळवड्याकडे निघालेल्या दिसतात. पहिल्या पाळीची ही गर्दी ओसरते न ओसरते तोच दुसरी वर्दळ सुरू होते. घरकुलाच्या इमारतींमधून, मोरेवस्तीतून, पाटीलनगरातून बायका पिशवी सावरत सोसायट्यांच्या फाटकाशी येतात, वहीत नाव लिहितात आणि वर जातात. त्यांतल्या काही धुण्याभांड्याला, काही पोळ्यांना आणि काही मूल सांभाळायला आलेल्या असतात. दारात आई पर्स खांद्याला लावून उभीच असते. मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाते आणि पुढचे नऊ-दहा तास ते घर त्या स्त्रीच्या हवाली होते.

चिखली १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले. त्यानंतर शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांनी येथे बिऱ्हाडे मांडली. आजी-आजोबा मात्र गावीच राहिले. बाळंतपणाला आजी येते, दोन-तीन महिने राहते आणि पेरणीचे दिवस आले की परत जाते. २०१७ च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी, असेही त्याच दुरुस्तीने सांगितले. पण पहाटेच्या बसमध्ये तान्हे मूल घेऊन चाकणपर्यंत जाणार कोण? सहाव्या महिन्यानंतरचा प्रश्न मग घरीच सोडवावा लागतो. कुणाच्या तरी ओळखीने एक बाई येते आणि आल्या दिवसापासून ती ‘मावशी’ होते.

या एका शब्दात पुष्कळ काही सामावले आहे. मराठी घरात परक्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणे प्रशस्त वाटत नाही, म्हणून मावशी, काकू, ताई ही नाती कामी येतात. त्यात आपुलकी आहे, हे खरेच. अडचण पुढे येते. सायंकाळी बस मोशीच्या कोंडीत अडकली, की ‘मावशी, थांबा ना जरा, तुम्ही घरच्याच आहात’ असे सांगितले जाते. महिनाअखेरीस त्याच थांबण्याचे पैसे मागितले, की घरची मावशी एकाएकी ‘आमची बाई’ होते. उलट बाजूही आहे. मावशींनी बाळाचा फोटो मोबाईलच्या स्टेटसला ठेवलेला आईला आवडलेला नसतो. परंतु मावशींना असे बोलायचे कसे, या संकोचात ती गप्प राहते. राग साठत जातो आणि एके दिवशी भलत्याच निमित्ताने, सांडलेल्या दुधावरून किंवा हरवलेल्या वाटीवरून, बाहेर पडतो. काम सुटते. एका घराचा पगार बंद होतो आणि दुसऱ्या घरातले मूल सांभाळणाऱ्या माणसाला एका रात्रीत मुकते.

या भागात राहणाऱ्यांना मर्यादा ही गोष्ट नवी नाही. कारखान्यात हजेरीपत्रक असते, पाळीची वेळ ठरलेली असते, जादा कामाचा वेगळा मोबदला असतो, कोणी कोणत्या विभागात जायचे याचाही नियम असतो. दिवसभर या शिस्तीत वावरणारी माणसे स्वतःच्या घरात काम देताना मात्र एक ओळही लिहून ठेवत नाहीत. वैयक्तिक मर्यादा आखायच्या म्हणजे घराचे कार्यालय करायचे, असे नाही. आपला वेळ, पैसा, खोली, शरीर, बोलणे आणि माहिती यांतले काय समोरच्याला खुले आहे आणि काय नाही, हे आधी स्वतःशी ठरवायचे आणि मग स्पष्ट सांगायचे, एवढेच त्यात अभिप्रेत आहे.

पहिल्या दिवशीचे बोलणे

सर्वाधिक तंटे वेळेवरून होतात, म्हणून सुरुवात तेथून करावी. येण्याची वेळ सर्वच जण सांगतात. जाण्याची वेळ सांगितली जात नाही. पाळी बदलणारी नोकरी असेल तर तीही कल्पना आधीच द्यावी: एक आठवडा सकाळी सहा ते तीन, पुढचा आठवडा दुपारी एक ते रात्री दहा, हे चालेल का? उशीर झाल्यास किती वेळापर्यंत थांबायचे आणि त्याचे तासाला किती पैसे, हेही आकड्यात ठरवावे. ‘बघू, काहीतरी देऊ’ हे उत्तर दोघांनाही महागात पडते. साप्ताहिक सुटी कोणती, गावी जायचे असल्यास किती दिवस आधी सांगायचे, आजारपणातील रजा भरपगारी की कशी, सणाला काय द्यायचे, उचल दिली तर ती किती हप्त्यांत फेडायची, हे सारे वहीच्या एका पानावर मावते. पान दोघींनी वाचावे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवावे आणि एक प्रत त्यांच्याकडे द्यावी. (‘दोघींनी’ हे सवयीने लिहिले गेले. मर्यादांची बोलणी आईनेच करायची, वडिलांनी वर्तमानपत्रात डोके घालून बसायचे, असा कुठे नियम नाही.)

कामाची व्याप्तीही त्याच दिवशी ठरावी. मूल सांभाळणे म्हणजे त्याचे जेवण, आंघोळ, झोप, खेळ आणि त्याचे कपडे. मूल झोपले आहे म्हणून मोठ्यांची भांडी घासणे, पाहुण्यांचा स्वयंपाक करणे, हे दुसरे काम आहे. ते हवे असेल तर त्याची वेगळी बोली करावी.

घराच्या बाबतीत, कोणती खोली बंद राहील, कपाटाची किल्ली कुठे असेल, आपल्या गैरहजेरीत घरी कोण येऊ शकते आणि कोण नाही, हे सांगताना संकोच बाळगू नये. मावशींच्या ओळखीचे असोत की आपले दूरचे दीर, आई-वडिलांचा फोन आल्याशिवाय दार उघडायचे नाही, असा एकच नियम सर्वांना लावला तर त्यात कुणाचा अपमान होत नाही. पोलिसांकडून घरकामगाराची पडताळणी करून घ्यायची असेल तर तेही त्यांना विश्वासात घेऊन करावे. ओळखपत्राची प्रत पुरेशी असते. मूळ आधारकार्ड ठेवून घेण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला नाही.

मोबाईल आणि कॅमेरा

फोटोचा विषय पोटात ठेवू नये. ‘मावशी, बाळाचा फोटो आम्ही कुठेच टाकत नाही, आत्याने मागितला तरी नाही. तुम्हीही स्टेटसला ठेवू नका,’ इतके साधे वाक्य पुरते. नियम घरातल्या सर्वांना आहे हे त्यात येते, म्हणून ते टोचत नाही. अर्थात आई स्वतः रोज बाळाचे फोटो टाकत असेल, तर हे वाक्य तिने बोलू नये. मूल जेवत नाही म्हणून मोबाईल दाखवायचा की नाही, याविषयीही असेच. रविवारी वडील मुलाच्या हाती मोबाईल देतात आणि सोमवारी मावशींना त्याच गोष्टीवरून बोलणी बसतात, अशी घरे कमी नाहीत.

कॅमेऱ्याबद्दल मात्र मर्यादा मालकाने पाळायची आहे. दिवाणखान्यात किंवा मुलाच्या खोलीत कॅमेरा असेल तर तो कुठे आहे, आवाजही ध्वनिमुद्रित होतो का, हे काम सुरू होण्यापूर्वी सांगावे. मावशी जेथे कपडे बदलतात, आंघोळ करतात किंवा रात्री झोपतात तेथे कॅमेरा नसावा. स्त्री खासगी कृती करत असताना तिला चोरून पाहणे किंवा चित्रित करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. दुपारी कंपनीच्या उपाहारगृहात बसून मोबाईलवर घर पाहणे आणि पाच मिनिटे बसलेल्या बाईला लगेच फोन करून उठवणे, हे कायद्यात बसत असले तरी त्याने विश्वास वाढत नाही.

मुलाचे शरीर

येथे भिडेला जागा नाही. आंघोळ कोण घालणार, शी-शू कोण काढणार, मुलाला मारायचे नाही, कोंडायचे नाही, बागुलबुवाची भीती घालायची नाही, झोपावे म्हणून डॉक्टरांनी न दिलेले कोणतेही औषध द्यायचे नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करावे. मावशींनीही काही लक्षात आले, मुलाच्या अंगावर वळ दिसला, एखादा नातेवाईक मुलाशी विचित्र वागतो असे वाटले, तर न घाबरता सांगावे, अशी मोकळीक त्यांना दिली पाहिजे. दिवसभर मुलाजवळ असणारी तीच असते. बालकांच्या लैंगिक शोषणाची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार शिक्षापात्र गुन्हा आहे. तातडीच्या प्रसंगी १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर संपर्क साधता येतो.

त्यांचीही एक रेषा असते

‘ताई, सातनंतर मला थांबता येणार नाही, माझी पोरगी घरी एकटी असते.’ हे वाक्य या व्यवसायातल्या अनेक स्त्रियांच्या ओठांवर असते आणि त्यातल्या पुष्कळजणी ते गिळून टाकतात. दुसऱ्याचे मूल सांभाळणाऱ्या बाईचे स्वतःचे मूल दुपारी अंगणवाडीतून सुटल्यावर कुठे जाते, हा प्रश्न मालकिणीने एकदा तरी विचारावा. उत्तर कळले, की सायंकाळच्या उशिराचा अर्थ बदलतो.

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा घरालाही कामाचे ठिकाण मानतो आणि घरकामगार स्त्रीचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळले, तर समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. पती घरून काम करत असतील आणि मावशी दिवसभर त्याच घरात असतील, तर दार उघडे ठेवणे, कामाशी संबंध नसलेले खासगी प्रश्न न विचारणे, या साध्या गोष्टीही दोघांना निर्धास्त ठेवतात.

महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्येच केला. मुळात या विषयावर बोलायला पुण्यातील मोलकरणींनी खूप आधी सुरुवात केली होती. १९८० मध्ये त्यांनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली आणि पगाराबरोबर रजेचा प्रश्न चर्चेत आला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये स्वीकारलेला १८९ क्रमांकाचा करार घरकामगाराला आठवड्यातून सलग किमान २४ तासांची विश्रांती आणि मालकाच्या घरी राहणाऱ्यांना खासगीपणा जपणारी जागा असावी, असे म्हणतो. भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्याकरिता समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले.

मर्यादा आणि सोवळे

एक गल्लत अनेक घरांत होते. मावशींचा कप वेगळा, ताट खिडकीत, बसायला जमीन, वापरायला जिन्याखालचे स्वच्छतागृह, आणि याला नाव ‘आमच्या घरच्या मर्यादा’. नऊ तास जिच्या मांडीवर मूल झोपते, जिच्या हातचा वरणभात खाते, तिने सोफ्यावर बसायचे नाही, हे मर्यादेत बसत नाही. ते सोवळे आहे. जात विचारून काम देणे किंवा नाकारणे हाही त्याचाच भाग. राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. दारामागे ती टिकली आहे का, हे ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात पाहावे. मर्यादेला कारण देता येते आणि ती घरातल्या सर्वांना सारखी लागू असते, हा ओळखायचा सोपा मार्ग आहे. हात धुऊनच बाळाला घ्यायचे, हा नियम आजीलाही असेल तर ती मर्यादा.

सांगायचे कसे

मुलासमोर नको, शेजारणीसमोर तर मुळीच नको. निघायच्या घाईत दारात उभ्याउभ्याही नको. सुटीच्या आदल्या दिवशी, चहा झाल्यावर, एका वेळी एकच गोष्ट सांगावी. ‘तुम्ही नेहमीच असे करता’ यापेक्षा ‘काल मी आले तेव्हा टीव्ही सुरू होता, दोन वर्षांचा होईपर्यंत आम्हाला तो दाखवायचा नाही’ असे नेमके बोलावे. शेवटी ‘तुम्हाला काही सांगायचे आहे का?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे; पहिल्या खेपेस बहुधा ‘काही नाही’ असेच उत्तर येते. सासूबाई महिनाभर राहायला आल्या, तर सूचना कोणाच्या ऐकायच्या हे मावशींना आधीच सांगून ठेवावे. दोन मालकिणींच्या मधे सापडलेली बाई कोणाचेच समाधान करू शकत नाही. घरातली भांडणे, कर्जाचे हप्ते, नवऱ्याच्या तक्रारी त्यांच्यापाशी रोज उकलू नयेत. बाहेर बोलू नका, असे सांगण्यापेक्षा हे सोपे असते.

सारे करूनही जमले नाही, तर निरोप नीट व्हावा. महिनाभर आधी सांगावे किंवा महिन्याचा पगार द्यावा. नव्या बाई येणार असतील तर शक्यतो चार-सहा दिवस दोघींना एकत्र ठेवावे, म्हणजे मूल रुळते आणि कोणती अंगाईची चाल लागते, कोणत्या वाटीत भात खाल्ला जातो, हे एकीकडून दुसरीकडे जाते. ‘मावशी गावाला गेल्या’ अशी थाप मुलाला मारू नये. त्या आता दुसऱ्या घरी काम करतात, हे दोन वर्षांच्या मुलालाही त्याच्या भाषेत सांगता येते. तरीही पुढचे काही दिवस सकाळी दाराची घंटा वाजली की ते धावत जाईल आणि दारात कोण आहे हे पाहून मागे वळेल. त्या दिवसांत आई-वडिलांपैकी एकाने रजा काढावी.