ग्रेआय थिएटर कंपनी

दिव्यांग आणि कर्णबधिर कलावंतांची लंडनमधील व्यावसायिक नाट्यसंस्था. स्थापना १९८०. व्हीलचेअर वापरणारे नट नबील शबान आणि शिक्षक रिचर्ड टॉमलिन्सन हे तिचे संस्थापक. शबान यांचा जन्म जॉर्डनमधील अम्मानचा. हाडे ठिसूळ असण्याचा विकार त्यांना जन्मापासून होता. टॉमलिन्सन यांच्याशी त्यांची गाठ कॉव्हेंट्री येथील हेअरवर्ड कॉलेजात पडली. आंधळ्याची, पांगळ्याची किंवा कुबड्याची भूमिका म्हणजे धडधाकट नटाने आपला कस दाखवायची संधी, असे त्या काळी सर्रास मानले जाई. ज्यांचे शरीरच तसे आहे, त्यांना मात्र नाट्यशिक्षणाची दारे जवळपास बंद होती. संस्थेच्या पहिल्या नाटकाचे नाव ‘साइडशो’. जत्रेत तिकीट लावून वेगळ्या देहांचे प्रदर्शन मांडण्याची जुनी प्रथा त्या नावातच आहे. संस्थेचे नाव ग्रीक पुराणातून घेतलेले आहे. त्यातील ग्रेआय नावाच्या तीन बहिणींत मिळून एकच डोळा आणि एकच दात होता आणि त्या ते आळीपाळीने वापरत.

१९९७ मध्ये जेनी सीली कलासंचालक झाल्या आणि संस्थेचे काम वेगळ्या वळणावर गेले. सीली वयाच्या सातव्या वर्षापासून कर्णबधिर आहेत. खुणांच्या भाषेतील दुभाषी रंगमंचाच्या एका कडेला, वेगळ्या प्रकाशझोतात उभा करायची रूढ पद्धत आहे. तशा प्रयोगात कर्णबधिर प्रेक्षकाची नजर नट आणि दुभाषी यांच्यात सारखी फिरत राहते आणि दोन्हीकडचे थोडेथोडे निसटते. दृष्टिहीन प्रेक्षकाला कानात यंत्र लावून कोणा तिऱ्हाइताकडून दृश्याचे वर्णन ऐकावे लागते. सीली यांनी या सोयी संहितेत आणि तालमीतच आणल्या. खुणा करणारी व्यक्ती नाटकातले पात्र असते, दृश्याचे वर्णन पात्रांच्या तोंडी येते, आणि पडद्यावर उमटणारे शब्द नेपथ्याचा भाग म्हणून रचलेले असतात. अशाने नाटकाच्या बांधणीलाच नवे बळ मिळते. संस्थेचे खरे मोल इथे आहे आणि ते दाखवणारी दोन नाटके तपशिलात पाहण्याजोगी आहेत.

त्यांतील पहिले नाटककार ओ’रायली यांचे ‘पीलिंग’. त्याचा प्रयोग २००२ मध्ये बर्मिंगहॅम येथे झाला. तीन दिव्यांग अभिनेत्री ट्रॉयच्या युद्धावरील एका भव्य नाटकाच्या वृंदात आहेत. तेथे त्यांना घेतले आहे ते केवळ नावापुरते. अवाढव्य घेरदार पोशाखांत त्या मागच्या बाजूला उभ्या आहेत. मुख्य नाटक प्रेक्षकाला दिसत नाही. दिसतात त्या या तिघी. आपली पाळी नसताना त्या कुजबुजतात, एकमेकींना टोचतात, आणि बोलता बोलता गोष्ट मातृत्वावर येते: कोणाच्या पोटी कोणी जन्मावे, हे ठरवण्याचा हक्क कोणाचा? पोशाखाचे थर हळूहळू उतरत जातात. समोर काय चालले आहे ते या तिघीच सांगतात आणि खुणाही त्याच करतात. त्यामुळे प्रेक्षकाची सोय आणि पात्रांचा स्वभाव एकाच वाक्यातून पोहोचतो. वर्णन करणारी बाई खवचट असेल, तर वर्णनही खवचट होते.

दुसरे सारा केन यांचे ‘ब्लास्टेड’ (मूळ प्रयोग १९९५, ग्रेआयचा २००६). या नाटकात संवाद तुटक आहेत आणि भीषण घटना बऱ्याचशा रंगसूचनांतच घडतात. लीड्समधील हॉटेलच्या एका खोलीत युद्ध शिरते, आणि एक सैनिक मुख्य पात्राचे डोळे काढतो. ग्रेआयच्या प्रयोगात नटांनी या रंगसूचना मोठ्याने उच्चारल्या. त्यामुळे हिंसा शब्दांतून ऐकू आली. डोळस प्रेक्षकाला नजर वळवून सुटका करून घेणे शक्य राहिले नाही, आणि दृष्टिहीन प्रेक्षक पहिल्यांदाच त्याच्या बरोबरीने, त्याच क्षणी त्या खोलीत होता. केन यांच्या रंगसूचनांतली काव्यमयता या युक्तीने उजेडात आली.

गायक इयन ड्युरी (१९४२–२०००) यांना लहानपणी पोलिओ झाला होता. त्यांच्या गाण्यांवर बेतलेले ‘रीझन्स टू बी चिअरफुल’ हे संगीतनाटक संस्थेने २०१० मध्ये आणले आणि ते गाजले. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष साजरे होत असताना त्यातील दयेच्या सुराचा राग येऊन ड्युरी यांनी ‘स्पॅस्टिकस ऑटिस्टिकस’ हे गाणे केले होते. बीबीसीने त्याच्या प्रसारणावर बंधने घातली. तेच गाणे ग्रेआयच्या कलावंतांनी २९ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन पॅरालिम्पिकच्या उद्‌घाटन सोहळ्यात भर स्टेडियममध्ये सादर केले. सोहळ्याचे दिग्दर्शन सीली आणि ब्रॅडली हेमिंग्ज यांचे होते.

या सोहळ्यात डेव्हिड टूल (१९६४–२०२०) यांचे नृत्य होते. लीड्सचे टूल यांना पाय नव्हते. ते हातांवर चालत, हातांवर वळत आणि खांद्यांच्या जोरावर उसळी घेत. दिव्यांग आणि इतर नर्तकांना एकत्र आणणाऱ्या कँडोको या नृत्यसंस्थेत (स्थापना १९९१) ते तयार झाले आणि ग्रेआयबरोबरही त्यांनी काम केले. कँडोकोच्या संस्थापकांपैकी सेलेस्ट डँडेकर १९७३ मध्ये नृत्याचा प्रयोग चालू असताना पडल्या आणि त्यांच्या मणक्याला इजा झाली. त्यानंतर त्या व्हीलचेअर वापरू लागल्या. जमिनीवरून पायांनी घेतलेली झेप हेच नृत्याचे मूळ, ही समजूत टूल यांना नाचताना पाहिल्यावर टिकत नाही. त्यांच्या नृत्यात शरीराचा तोल छातीशी असे, आणि दोन हातांच्या मधल्या जागेतून ते ज्या वेगाने अंग काढून घेत, तो वेग पाय असलेल्या नर्तकाला साधणारा नव्हता.

नट घडवण्याचे काम संस्था सातत्याने करते; शिक्षणसंस्थांनी नाकारलेल्यांसाठी तिने ‘मिसिंग पीस’ हा अभिनयवर्ग चालवला. संस्थेने सादर केलेल्या जॅक थॉर्न यांच्या ‘द सॉलिड लाइफ ऑफ शुगर वॉटर’ या नाटकात (२०१५) मृत मूल जन्मल्यानंतरचे एक जोडपे आहे. त्यात नवऱ्याची भूमिका आर्थर ह्यूज यांनी केली होती. पुढे २०२२ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने ‘रिचर्ड तिसरा’ या भूमिकेसाठी त्यांनाच निवडले. उजवा हात जन्मतः वेगळा असलेले ह्यूज ही भूमिका त्या कंपनीत करणारे पहिले दिव्यांग नट ठरले.

बांगलादेशात सीली यांनी ढाका थिएटर आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या साहाय्याने स्थानिक दिव्यांग कलावंतांना घेऊन शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चा प्रयोग २०१६ मध्ये ढाक्यात केला. मायदेशी मात्र संस्थेची बरीच भिस्त सरकारी ‘अ‍ॅक्सेस टू वर्क’ योजनेवर राहिली आहे. दुभाषी, मदतनीस, प्रवासाची सोय यांचा खर्च १९९४ पासून या योजनेतून मिळतो. गेल्या दशकात तिच्यावर मर्यादा आल्या, तेव्हा सीली यांनी त्याविरुद्ध जाहीर मोहीम चालवली. दुभाष्याचे तास कमी झाले, की कर्णबधिर दिग्दर्शकाच्या तालमीचेही तास तेवढेच कमी होतात.