देवडीपासून शेजघरापर्यंत

पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या राजवाड्याचं एक छापील वर्णन १६७४ साली बाहेर पडलं. ते लिहिलं होतं आंद्रे फेलिबियाँ यांनी. चौदाव्या लुईने दरबार कायमचा तिथे हलवला तो १६८२ च्या मे महिन्यात. म्हणजे बिऱ्हाड यायच्या आठ वर्षं आधीच हे घर कसं पाहावं याचं पुस्तक लोकांच्या हातात होतं. पुढे १६८९ पासून खुद्द राजानेच आपली बाग पाहुण्यांना कशी दाखवावी याचं टिपण लिहायला घेतलं: कुठल्या पायरीवर थांबायचं, कुठे वळायचं, कुठलं कारंजं कुठून न्याहाळायचं. आयुष्यभर लढाया खेळलेल्या या माणसाने त्या टिपणाचे एकामागून एक खर्डे केले. राजवाडा पाहायला जाण्याच्या आजच्या रिवाजाची कुळकथा सांगायची तर इथून सांगावी लागते. एरवी ती अशी सांगितली जाते: पूर्वी राजवाडे बंद होते, मग राजे गेले, लोकशाही आली, दारं उघडली आणि रयत आत शिरली. ऐकायला ही कथा बरी वाटते. पण तिच्यात मुळातच एक चूक आहे. राजवाड्याचा दर्शनी भाग परक्याने पाहावा म्हणूनच बांधलेला असे. आपण तिकीट काढून ज्या वाटेने जातो ती बहुतेक ठिकाणी राजानेच आखलेली असते.

व्हर्सायला जायला तिकीट नव्हतं, पण अट होती. पुरुषाच्या कमरेला तलवार आणि काखेत टोपी हवी. ती नसेल तर फाटकापाशी भाड्याने मिळे. भिक्षेकरी, वेश्या, कुत्री आणि देवीचे व्रण अजून ताजे असलेली माणसं यांना मज्जाव. बाकी कोणीही नीटनेटका माणूस आत येऊन राजाला जेवताना पाहू शकत असे. हे जेवणही ठरलेल्या विधीने उघड्यावर होई. नियम कागदावर राहिले असतील अशी शंका घ्यायला जागा आहे, पण घडे ते उलटंच. नियमापेक्षा दार अधिक सैल होतं. आर्थर यंग हा इंग्रज शेतीतज्ज्ञ १७८७ मध्ये तिथे गेला. राजा उठून गेल्याला पाव तासही झाला नव्हता, खोलीत त्याच्या वावराच्या खुणा तशाच होत्या, आणि अंगावर चिंध्या असलेले लोक थेट त्याच्या शेजघरात मोकळे फिरत होते. त्यांना कोणी हटकत नाही याचंच यंगला नवल वाटलं. क्रांतीला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता. तेव्हा क्रांतीने दार उघडलं असं म्हणताना ते आधीपासून किती उघडं होतं, हे पाहायला हवं.

अर्थात, दारातून आत येणं वेगळं आणि शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचणं वेगळं. खरं राजकारण या दोहोंमधल्या अंतरात होतं, आणि त्याच्या खुणा भाषेत जशा टिकल्या आहेत तशा दगडविटांतही टिकल्या नाहीत. ‘दरबार’ हा फारसी शब्द. त्यातला ‘दर’ म्हणजे दार आणि ‘बार’ म्हणजे आत येण्याची मुभा. राजसभेचं नावच मुळी दारावरून पडलेलं. ‘दिवाण’ म्हणजे आधी हिशेबाची वही, मग ती वही जिथे उघडते ती कचेरी, मग ती कचेरी जिथे भरते ते दालन. दिल्लीच्या लाल किल्ल्यात त्याचे दोन भाग झाले, सर्वांसाठी दिवाण-इ-आम आणि निवडकांसाठी दिवाण-इ-खास. मराठी वाड्यात हीच उतरंड आपल्या शब्दांत लावलेली दिसते. देवडीवर पहारा, मग चौक, मग कारभाराची सदर, वर दिवाणखाना, आणि त्यापलीकडे माजघर, जिथे परक्याने पाऊल टाकायचं नाही. व्हर्सायमध्ये राजाच्या दालनांना ग्रहदेवतांची नावं होती. शुक्र, डायना, मंगळ, बुध आणि शेवटी सूर्यदेव अपोलो, जिथे सिंहासन होतं. एकात एक उघडणाऱ्या, सरळ रेषेत दारं असलेल्या या खोल्या म्हणजे मोजपट्टीच होती. माणूस कितव्या खोलीत थांबला यावरून त्याची पत कळे. आजचा प्रवासीही याच रांगेतून, याच क्रमाने, राजाच्या शेजघराकडे सरकतो. फरक एवढाच की आता कुणालाच मधल्या खोलीत थांबवत नाहीत. सगळ्यांना मोजपट्टीचं शेवटचं टोक तिकिटाच्या दरात मिळतं. हा फरक क्षुल्लक नाही, त्याच्याकडे पुन्हा येऊ.

इथे कोणी म्हणेल, राजाची कृपा आणि नागरिकाचा हक्क एकाच मापाने कसे मोजता? एक मिळते, दुसरा असतो. आक्षेप रास्त आहे. हक्क खरा आहे आणि तो रक्त सांडून मिळवलेला आहे. पण तो मिळाल्यावर प्रजासत्ताकाने काय केलं तेही बघावं. ऑगस्ट १७९३ पासून जवळजवळ वर्षभर व्हर्सायचं सामान लिलावात निघालं. सतरा हजारांहून जास्त लॉट विकले गेले. पलंग, पडदे, टेबलं युरोपभर पांगली आणि राजवाड्याचं नुसतं कवच उरलं. पुढचा एक राजा लुई फिलिप याने १८३७ मध्ये तिथे फ्रान्सच्या गौरवाचं संग्रहालय उघडलं, त्यात लढायांची भव्य चित्रं टांगली, आणि त्यासाठी जुन्या खोल्या पाडायलाही मागेपुढे पाहिलं नाही. राजवाड्याची शाळा करावी तसाच तो प्रकार. ती शाळा चालली असती तर माझा युक्तिवाद इथेच संपला असता. पण १८९२ मध्ये पिएर द नोलाक तिथले संग्रहपाल झाले आणि वारं फिरलं. इतिहासाची चित्रं उतरवून खोल्या पुन्हा राजाच्या खोल्या करायच्या असं ठरलं. राजाला मृत्युदंड देणाऱ्या देशाने पुढची शंभराहून जास्त वर्षं राजाचं सामान जगभरातून हुडकण्यात, विकत घेण्यात आणि त्याच जागी पुन्हा मांडण्यात घालवली. त्याच तऱ्हेचं कापड पुन्हा विणून घेतलं, सोन्याचा मुलामा पुन्हा चढवला. लोकांना लोकांचा इतिहास दाखवणारं संग्रहालय रुचलं नाही. त्यांना लुईचंच घर पाहायचं होतं, आणि तेही लुईने दाखवलं असतं तसंच.

याहून कठीण उदाहरण बीजिंगचं आहे. तिथल्या राजवाड्याचं नावच निषिद्ध नगर. सामान्य माणसाला तिथे तलवार भाड्याने घेऊनही शिरता येत नसे. तिथे तरी क्रांतीनेच दार उघडलं म्हणायला हवं, आणि मी ते मान्य करतो. पण ते कुठल्या क्रमाने उघडलं? सम्राट पुयीने १९१२ मध्ये पदत्याग केला तरी तो आतल्या भागातच राहत होता. १९१४ मध्ये बाहेरच्या भागातल्या दालनांत सरकारी वस्तुसंग्रह लोकांसाठी खुला झाला. हा बाहेरचा भाग अधिकाऱ्यांच्या हजेरीसाठी आणि समारंभांसाठीच होता. राहता भाग उघडला तो पुयीला १९२४ मध्ये बाहेर काढल्यावर, १० ऑक्टोबर १९२५ रोजी. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याचं १९२४ मध्ये संग्रहालय झालं, पण जनानखाना पाहायला लोकांना आणखी काही दशकं थांबावं लागलं. राजा गेला, राजवंश गेला, तरी आम आधी आणि खास मागून हा क्रम तसाच राहिला. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात तर तो आजही उघड दिसतो. १९९२ मध्ये विंडसर किल्ल्याला आग लागली. दुरुस्तीचा खर्च भागवण्यासाठी १९९३ च्या उन्हाळ्यात बकिंगहॅमच्या काही खोल्या तिकिटावर खुल्या झाल्या. त्या स्टेट रूम्स, म्हणजे पाहुण्यांच्या स्वागतासाठीच बांधलेल्या. राहत्या खोल्यांचा त्यात पत्ता नाही.

आता आपल्याकडे. इथे मात्र कुळकथेला एक वेगळाच फाटा फुटतो. युरोपचा राजवाडा सामानाने भरलेला असे. मराठ्यांचा राजवाडा बिछायतीने. गालिचा अंथरला, गादी-लोड मांडले, हंड्या-झुंबरं पेटवली की दिवाणखान्याचा दरबार होई. बैठक उठली की सगळं गुंडाळून फरासखान्यात जाई. पुण्यात १७९० मध्ये इंग्रजांचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट आणि पेशवे यांच्यात तह झाला. त्या दरबाराचं मोठं चित्र थॉमस डॅनियलने पुढे इंग्लंडमध्ये रंगवलं, तेही पुण्यात राहून गेलेल्या जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. त्या चित्रात डोळ्यांत भरतात ती माणसं, पगड्या आणि महिरपी. ज्याला फर्निचर म्हणावं असं काही जवळपास नाहीच. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला म्हणून आपण हळहळतो, आणि हळहळावंच. पण तो वाचला असता तरी सुरूचे खांब, कोरीव तक्तपोशी आणि भिंतींवरची चित्रं एवढंच पाहायला उरलं असतं. त्याचं वैभव रोज मांडून रोज उचललं जाई. पहारेकरी, मानकरी, कारकून आणि पेशवे नसलेला दिवाणखाना म्हणजे फार तर एक देखणी रिकामी खोली. ‘हिंडून पाहण्याजोगा’ राजवाडा आपल्याकडे आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, संस्थानिकांबरोबर. ग्वाल्हेरला शिंद्यांचा जयविलास १८७४ मध्ये उभा राहिला, कोल्हापूरचा नवा राजवाडा १८८४ मध्ये, बडोद्याचा लक्ष्मीविलास १८९० मध्ये. शेवटचे दोन मूळ चार्ल्स मँट या एकाच इंग्रज इंजिनिअरच्या आराखड्यावरचे. यांत खुर्च्या आल्या, जेवणाची टेबलं आली, बेल्जियमची काच आणि व्हेनिसची फरशी आली. जागच्या जागी राहणारं, माणूस नसतानाही बोलणारं सामान आलं. कारण हे वाडे ज्याला दाखवायचे होते तो पाहुणा बदलला होता. पूर्वी दाखवायचं होतं सरदारांना आणि वकिलांना. आता रेसिडेंटला, व्हाइसरॉयला आणि १८७५-७६ मध्ये हिंदुस्थान पाहायला निघालेल्या युवराजाला.

संशयी वाचक म्हणेल, एवढं कशाला खोलात जायचं, हे सगळं पैशापायी झालं. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे गेले आणि संस्थानिकांनी वाड्यांची हॉटेलं नि संग्रहालयं केली, इतकी सोपी गोष्ट. पण तारखा जुळत नाहीत. जयपूरच्या राजवाड्यातलं संग्रहालय १९५९ चं, जयविलासमधलं १९६४ चं, दोन्ही तनखे शाबूत असतानाची. शिवाय पैशाची चणचण ‘केव्हा’चं उत्तर देईल, ‘का’चं देणार नाही. कर्जात बुडालेली घरं गावोगाव आहेत. त्यांचं तिकीट काढून माजघर पाहायला कोण जातं? जे घर मुळात दाखवण्यासाठी बांधलं त्याचंच तिकीट लावता येतं. इंग्लंडमध्ये तर हा धंदा राजाच्या हयातीतच नोकरमंडळी चालवत. मालक नसताना राजवाड्याची किंवा उमरावाच्या गढीची मुख्य दासी पाहुण्यांना फिरवी आणि बक्षिसी घेई. हॅम्प्टन कोर्टची दालनं व्हिक्टोरिया राणीने १८३८ मध्ये फुकट खुली केली, तेव्हा नवीन गोष्ट घडली ती दार उघडण्याची नव्हे, दासीची बक्षिसी बुडण्याची. आपला गाइड हा तिचाच वारस.

मग बदललं काय? बदललं ते वाटेचं शेवटचं टोक. व्हर्सायची आरशांची गॅलरी ७३ मीटर लांब आहे आणि तिच्यात ३५७ आरसे आहेत. ते फ्रान्समध्ये बनलेले, व्हेनिसची मक्तेदारी मोडल्याची खूण म्हणून लावलेले. १६८५ मध्ये जिनोव्हाचा डोजे, म्हणजे तिथला राज्यप्रमुख, याच गॅलरीतून चालत राजाची माफी मागायला गेला. पदावर असताना त्याने शहर सोडू नये असा जिनोव्हाचा कायदा होता. लुईने तो मोडायला लावला. इथे सगळ्यात नवलाचं काय वाटलं असं विचारल्यावर, मी स्वतः इथे आहे हेच, असं तो म्हणाल्याचं सांगतात. आरसे त्याने पाहिले असतीलच, पण ते वाटेवर होते. टोकाला बसला होता माणूस. आज टोकाला कोणी नाही, म्हणून वाटेवरच्या वस्तूच मुक्काम झाल्या आहेत आणि त्यांची मापं सांगितली जातात. जयविलासच्या दरबार हॉलमधल्या दोन झुंबरांचं वजन प्रत्येकी साडेतीन टन, आणि ती टांगण्याआधी छत पेलेल की नाही हे पाहायला वर हत्ती चढवले होते, ही गोष्ट ऐकल्याशिवाय तिथून कोणी परत येत नाही. हत्तींची संख्या सांगणाऱ्यागणिक बदलते. एके काळी त्या दालनात वजन राजाच्या शब्दाला होतं. ते आता झुंबराला आहे.

त्याच वाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची एक छोटी आगगाडी आहे. रुळांवरून ती ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून फिरे. कोणी डब्यातली सुरई उचलली की थांबे, ठेवली की पुढे निघे. कुणापुढे थांबायचं आणि कुणाला वगळून पुढे जायचं हे यजमानाच्या हाती असे, असं म्हणतात. हल्ली पाहुणेच टेबलाच्या कडेकडेने पुढे सरकत राहतात, आणि गाडी जागच्या जागी उभी असते.