होकार कोणाचा? देहदान, अवयवदान आणि घरातलं बोलणं

या मालेत आपण आतापर्यंत मोठमोठ्या कल्पनांचा इतिहास पाहत आलो. आज एका एवढ्याशा शब्दाचा इतिहास पाहायचा आहे. तो शब्द म्हणजे 'हो'. माणूस गेल्यावर त्याच्या देहाचं काय करायचं, याला 'हो' म्हणण्याचा अधिकार कोणाचा? राजाचा, सरकारचा, डॉक्टरांचा, ज्याचा देह त्याचा, की मागे राहिलेल्यांचा? अवयवदान करावं की नाही, हा प्रश्न आता घरोघरी पडतो. पण त्याच्या पोटात हा जुना प्रश्न दडलेला आहे. तो घरात सुटला नसेल तर नुसता फॉर्म भरून फारसं काही होत नाही, असं आमचं मत आहे. ते का, ते पाहू.

सुरुवात दधीचीपासून करू, कारण अवयवदानाच्या प्रत्येक सभेत दधीचीचं नाव निघतंच. वृत्रासुराला मारायला वज्र हवं होतं, दधीचींनी स्वतःच्या अस्थी दिल्या. इथवर आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण पुढची गोष्ट सभेत कोणी सांगत नाही. शिवपुराणात असं येतं की, देव कशासाठी आलेत हे ओळखून दधीचींनी पत्नीला, सुवर्चेला, तिथून दूर पाठवलं. ती परत आली तेव्हा पती नाही. काय घडलं ते कळल्यावर तिने देवांना शाप दिला. ती सती जायला निघाली, आणि मग पिप्पलादाचा जन्म झाला. म्हणजे बघा, आपल्या परंपरेतल्या सर्वांत थोर देहदानाच्या कथेतच घरच्यांना न सांगितल्याचं दुःख आहे. पुराणकारांनी दात्याची थोरवी गायली, आणि पत्नीचा संतापही झाकला नाही. हे आम्हाला फार शहाणपणाचं वाटतं.

आता वैद्यकाकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शवविच्छेदनाची रीत दिली आहे. सर्व अवयव शाबूत असलेला, विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेला देह घ्यावा, मुंज वगैरे गवतांत गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावा, वाहत्या पाण्यात आडजागी सात रात्री कुजू द्यावा, मग वाळ्याच्या वगैरे कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर पाहावा. केवढी बारकाई! पण हा देह कोणाचा, कोणाला विचारून आणला, याबद्दल तिथे अवाक्षर नाही. तेव्हा तो प्रश्नच कोणाला पडलेला दिसत नाही.

युरोपात तो पडला, पण फार वाईट रीतीने. इंग्लंडमध्ये १७५२च्या कायद्याने फाशी गेलेल्या खुन्यांचे देह विच्छेदनासाठी देण्याची तरतूद केली. विच्छेदन ही शिक्षेचीच पुढची पायरी ठरली. ज्याचा देह त्याला विचारायचा प्रश्नच नव्हता. पुढे वैद्यकाच्या शाळा वाढल्या, देह कमी पडू लागले आणि थडग्यांतून प्रेतं चोरीला जाऊ लागली. १८२८ साली एडिंबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी त्याही पुढची मजल मारली. त्यांनी सोळा माणसं मारली आणि त्यांचे देह डॉक्टर नॉक्स यांच्या शरीरशास्त्राच्या वर्गाला विकले. बर्कला १८२९च्या जानेवारीत फाशी झाली आणि त्याच्याही देहाचं जाहीर विच्छेदन झालं.

यावर १८३२ साली ब्रिटिश संसदेने अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट केला. उपाय काय निघाला? खुन्यांचे देह देणं बंद, बेवारस देह देणं सुरू. बेवारस म्हणजे कोण, तर प्रामुख्याने गरीबखान्यात मेलेले, ज्यांना न्यायला कोणी आलं नाही असे. गुन्ह्याची शिक्षा होती, ती गरिबीची झाली, अशी टीका तेव्हाही झाली. आपल्याकडचा १९४९चा मुंबई शरीरशास्त्र अधिनियम मुळात याच घडणीचा आहे : बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळावेत म्हणून केलेला. आपल्या दोन-तीन पिढ्यांचे डॉक्टर ज्या देहांवर शिकले, त्यांतल्या कितीतरी देहांना 'हो' म्हणायची संधीच मिळाली नव्हती. आपण औषधाची गोळी घेतो तेव्हा या अनामिकांचं ऋण आपल्या ध्यानात येत नाही.

याच १८३२ साली लंडनमध्ये एका तत्त्वज्ञाने निराळी वाट दाखवली. जेरेमी बेंथॅम, उपयुक्ततावादाचा प्रवर्तक. आम्ही वर्गात त्याच्या सुखदुःखाच्या हिशेबावर पुष्कळ टीका करत असू. पण एका बाबतीत त्याला मानलं पाहिजे. १७६९ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं की आपल्या देहाचं विच्छेदन व्हावं. ६ जून १८३२ रोजी तो गेला. म्हणजे त्रेसष्ट वर्षं तो या निश्चयावर ठाम राहिला, आणि जाण्याच्या आठवडाभर आधी त्याने तो पुन्हा लिहून पक्का केला. नुसतं लिहून थांबला नाही. साउथवुड स्मिथ या डॉक्टर मित्रावर त्याने नाव घेऊन जबाबदारी टाकली, आणि त्या मित्राने तीन दिवसांनी ती पार पाडली. त्याचा सांगाडा, अंगावर त्याचेच कपडे चढवून, आजही लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बसवलेला आहे. तो विक्षिप्तपणा सोडून देऊ. यात तीन गोष्टी आहेत : ठरवलं, लिहिलं, आणि ज्याला करायचं होतं त्याला सांगितलं. तिसरी नसती तर पहिल्या दोन कागदावरच राहिल्या असत्या.

इथपर्यंत देह थंड झालेला असे. विसाव्या शतकात अवयवांचं रोपण सुरू झालं आणि प्रश्नाचं रूपच पालटलं. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदयरोपण केलं. बर्नार्ड आणि ज्यांना हृदय मिळालं ते वॉश्कान्स्की, ही नावं जगभर झाली. पण आम्हाला तिसरं नाव महत्त्वाचं वाटतं : एडवर्ड डार्व्हल. आदल्या दिवशी मोटार अपघातात त्यांची पत्नी जागीच गेली होती. पंचवीस वर्षांची मुलगी डेनिस वाचणार नव्हती. डॉक्टरांनी त्यांना विचारलं. मुलीने आधी काही लिहून ठेवलं नव्हतं. तिच्या उदार स्वभावाकडे पाहून बापाने काही मिनिटांत होकार दिला. हृदय वॉश्कान्स्कींना गेलं, ते अठरा दिवस जगले. डेनिसचं एक मूत्रपिंड दहा वर्षांच्या एका मुलाला मिळालं. तो गोरा नव्हता, आणि तो काळ दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाचा होता. कायद्याने जे अंतर ठेवलं होतं ते या बापाच्या एका शब्दाने त्या रात्रीपुरतं ओलांडलं गेलं.

मुंबईही मागे नव्हती. के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली मृत व्यक्तीचं मूत्रपिंड बसवण्याचा प्रयत्न झाला होता. फेब्रुवारी १९६८मध्ये तिथेच डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केलं. रुग्ण काही तासांतच दगावला, पण जगातल्या अगदी पहिल्या हृदयरोपणांत त्याची गणना होते.

त्याच १९६८ साली हार्वर्डच्या एका समितीने मेंदूचं कार्य कायमचं थांबणं हा मृत्यूचा निकष मांडला. हान्स योनास या तत्त्वज्ञाने लगेच हरकत घेतली. अवयव हवेत म्हणून मृत्यूची व्याख्या सोयीची तर होत नाही ना, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. या शंकेला आम्ही कधी हसलो नाही. व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होते आहे, अंग गरम आहे, आणि डॉक्टर सांगतात की माणूस गेला. घरच्यांना हे पटायला जड जातं, यात अडाणीपणा नाही. हजारो वर्षं श्वास थांबला की मृत्यू, हेच आपण शिकत आलो.

म्हणूनच आपला कायदा या जागी सावध आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४चा. आरोग्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे संसदेने हा कायदा करावा असे ठराव राज्यांनी करायला हवे होते. ते करणारी तीन राज्यं कायद्याच्या प्रास्ताविकातच नोंदली आहेत : गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. मूत्रपिंडांच्या खरेदी-विक्रीने १९८०च्या दशकात देशाची लाज गेली होती, तिला आळा घालणं हा एक हेतू. दुसरा हेतू म्हणजे मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता देणं. चार डॉक्टरांचं मंडळ, आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी, असा नियम आहे.

आणि संमतीचं काय? दात्याने हयातीत लेखी इच्छा नोंदवावी, दोन साक्षीदारांसमोर, त्यांतला एक तरी जवळचा नातलग हवा. ही अट नीट ऐका. कायद्यालाच घरातला माणूस साक्षीला हवा आहे. अशी लेखी इच्छा असेल आणि ती मागे घेतलेली नसेल, तर कायद्याची भाषा दात्याच्या बाजूची आहे. पण प्रत्यक्षात आयसीयूच्या बाहेर डॉक्टर घरच्यांनाच विचारतात, आणि घरचे नको म्हणाले तर पुढे जात नाहीत.

हा आपल्याच देशाचा मागासलेपणा, असं कोणी समजू नये. स्पेनमध्ये १९७९च्या कायद्याने, नकार नोंदवला नसेल तर संमती गृहीत धरली. तरी तिथे कुटुंबाला विचारल्याशिवाय अवयव घेत नाहीत. अवयवदानात स्पेन जगात आघाडीवर आहे त्याचं श्रेय जाणकार या कायद्यापेक्षा १९८९पासूनच्या व्यवस्थेला देतात. दुःखात बुडालेल्या माणसांशी कसं बोलावं, हे शिकलेले समन्वयक तिथे रुग्णालयांतून असतात. वेल्सने २०१५ साली आणि इंग्लंडने २०२० साली गृहीत संमती आणली, तिथेही नातलगांशी बोलणं सुटलेलं नाही.

मग प्रश्न उरतो : आमच्या देहाबद्दल आम्ही 'हो' म्हटलेलं असताना मुलांनी 'नाही' म्हणणं न्याय्य आहे का? एक बाजू म्हणते, नाही. मृत्युपत्रातलं घर मुलांना पसंत नाही म्हणून बदलता येत नाही, मग देहाचाच अपवाद का? शिवाय पलीकडे कोणी यकृताची वाट पाहत पडलेला असतो. दुसरी बाजू म्हणते, मेलेल्याला आता काही सोसायचं नाही, सोसायचं आहे ते जिवंत राहिलेल्यांना. या वादात आमचा कौल पहिल्या बाजूला आहे. पण पहाटे तीन वाजता, डोळे सुजलेल्या माणसाशी हा वाद कोणी घालू नये. तो वाद आधी, दिवसाउजेडी, घरात व्हायला हवा.

आपल्याकडे दानाला संकल्प लागतो. देश, काल, नाव उच्चारून, हातावर पाणी घेऊन, चारचौघांना ऐकू जाईल असं बोलायचं असतं. दान मनातल्या मनात होत नाही. अवयवदानात तर देणारा दिल्याच्या क्षणी नसतोच. त्याच्या वतीने हात पुढे करतात ते घरचे. त्यांनी संकल्प ऐकलेलाच नसेल तर त्यांनी काय द्यायचं?

श्रद्धेचं म्हणाल, तर २०१० साल आठवा. जानेवारीत ज्योती बसू गेले, फेब्रुवारीत नानाजी देशमुख. एक कम्युनिस्ट, दुसरे संघाचे, मूळचे मराठवाड्यातले. दोघांनीही काही वर्षं आधी जाहीर संकल्प केला होता, दोघांचेही देह वैद्यकीय शिक्षणासाठी दिले गेले. आत्मा मानणारा आणि न मानणारा, दोघे एकाच दारातून गेले. देह हे जुनं वस्त्र मानणाऱ्यांनी त्या वस्त्राच्या चिंधीसाठी अडून बसावं, हे आम्हाला कधी कळलं नाही.

दुसऱ्या टोकाला २०१३ साल आहे. नरेंद्र दाभोलकरांची देहदानाची इच्छा होती. त्यांचा खून झाला, शवविच्छेदन करावं लागलं, आणि देहदान होऊ शकलं नाही. संकल्पही परिस्थितीच्या हाती असतो. म्हणून घरच्यांना फरक माहीत हवा. हृदय, यकृत, मूत्रपिंडं साधारणपणे रुग्णालयात मेंदूमृत्यू झाला तरच देता येतात. अपघाताची पोलीस केस असली तरी परवानगीने ते शक्य असतं, आणि देह अंत्यविधीसाठी परत मिळतो. घरी मृत्यू आला तर डोळे आणि त्वचा देता येते, साधारण सहा तासांच्या आत. देहदानाला मात्र शवविच्छेदन झालेला देह चालत नाही.

आम्ही उभयतांनी हे मुलांपुढे मांडलं तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, जेवताना कशाला?" आम्ही म्हटलं, सगळे एकत्र जेवतानाच सापडता. मुलगा गप्प होता. आठ दिवसांनी त्याने विचारलं, "डोळे दिले तर चेहरा कसा दिसतो?" विद्रूप दिसत नाही, हे त्याला सांगितलं. त्याला एवढंच हवं होतं. लोकांचे खरे प्रश्न असे असतात. ते मोक्षाबद्दल क्वचितच असतात. आणि कोणी मनापासून 'मला नको' म्हणालं, तर तेही ऐकून ठेवावं. तोही होकाराइतकाच त्याचा अधिकार आहे.

तेव्हा ठरवा, लिहा आणि सांगा. एकदा सांगून भागत नाही, दर दोन-चार वर्षांनी पुन्हा सांगा, सुनेला-जावयालाही सांगा, कारण त्या वेळी जवळ कोण असेल ते सांगता येत नाही. राजा, सरकार, गरिबी यांच्या हातून सुटत सुटत हा 'हो' दोन-अडीचशे वर्षांनी आपल्या घरात आला आहे. आता तो बोलून दाखवणं आपल्याकडे आहे.

आता प्रश्न असतील तर विचारा. अवघड असले तरी चालतील.