राँ दे व्हाश

राँ दे व्हाश : स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतातील गुराख्यांचे गीत. कुरणांवर पांगलेल्या गाईंना धारेच्या वेळी परत बोलावण्यासाठी ते गातात किंवा अल्पहॉर्न या लांब लाकडी कर्ण्यावर वाजवतात. हे त्याचे फ्रेंच नाव. जर्मन भाषिक भागात त्याला ‘कूरायन’ म्हणतात. ‘कू’ म्हणजे गाय, आणि ‘रायन’चा अर्थ बहुधा ‘रांग’ असा लावतात. हे एकच एक गाणे नव्हे. आपेन्त्सेल भागाची चाल वेगळी, ग्रुएरची वेगळी, एमेन्टालची आणखी वेगळी. परमुलखात चाकरीला गेलेल्या स्विस शिपायांच्या कानी ही चाल पडली की ते ढसाढसा रडत, पलटण सोडून पळत, नाहीतर झुरून मरत, अशी तिची ख्याती अठराव्या शतकात युरोपभर झाली. ऐकणाऱ्याच्या शरीरावर होणाऱ्या परिणामासाठी वैद्यकाच्या ग्रंथात जागा मिळालेली अशी गाणी फार थोडी आहेत.

छापील रूपात ही चाल प्रथम १५४५ मध्ये, गेओर्ग राउ याने व्हिटेनबर्ग येथे प्रसिद्ध केलेल्या संग्रहात आढळते. तिची घडण कामातून आलेली आहे. हाळी पलीकडच्या उतारावर पोचायची म्हणून सूर लांबवलेले असतात आणि मध्येच ते वर उसळतात. तालाचे बंधन सैल असते. पुढे एकेका गाईला हाक मारताना गती वाढते. अल्पहॉर्नला बोटांनी मिटायची छिद्रे नसतात, त्यामुळे फुंकीच्या जोरावर जे नैसर्गिक स्वर निघतात तेवढेच त्यावर वाजतात. त्यांपैकी अकरावा स्वर आपल्या शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या साधारण मधोमध पडतो. अनेक कूरायनांत हाच चढा मध्यम गळ्यातही उतरला आहे. बाहेरच्या माणसाला तो बेसूर वाटतो. त्या खोऱ्यात वाढलेल्याला तोच घरचा सूर.

हे शिपाई होते तरी कोण? डोंगराळ मुलखात शेतजमीन थोडी, आणि गुरे राखायला माणसे कमीच लागतात. म्हणून घरातली तरणी पोरे लढाईवर जात. १५१५ मध्ये मारिन्यानोच्या लढाईत स्विसांचा फ्रान्सकडून पराभव झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच फ्रान्सशी कायमचा तह झाला. त्यानंतर जवळजवळ तीन शतके स्विस पलटणी फ्रान्सच्या आणि इतर राजांच्या पदरी राहिल्या. करार स्विस प्रांत आणि राजे यांच्यात होत. रक्त गुराख्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या पोरांचे सांडे. १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसच्या त्विलरी राजवाड्याचे रक्षण करताना त्यांच्यातले शेकडो मारले गेले. राँ दे व्हाशची कहाणी सांगताना या पोरांचा विसर पडू देऊ नये.

त्यांच्या दुखण्याला नाव मिळाले ते बाझेलमध्ये. १६८८ साली योहानेस होफर या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने वैद्यकाच्या प्रबंधात घराच्या ओढीने जडणाऱ्या आजाराचे वर्णन केले. ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणे आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना, या दोन ग्रीक शब्दांपासून त्याने ‘नोस्टाल्जिया’ हा शब्द घडवला. त्याने दिलेली उदाहरणे साधी आणि हृदयद्रावक आहेत. बर्नहून बाझेलला शिकायला आलेला एक तरुण अंथरुणाला खिळला. घराकडे नेण्यासाठी त्याला गाडीत घातले, आणि घर यायच्या आधीच तो सुधारू लागला. रुग्णालयात ठेवलेली एक खेडवळ मुलगी औषधपाणी नाकारी आणि ‘मला घरी जायचंय’ एवढेच म्हणत राही. मूळ प्रबंधात गाण्याचा उल्लेख नाही. तो आला १७१० मध्ये, तेओडोर त्स्विंगर याने हा प्रबंध फेरफार करून पुन्हा छापला तेव्हा. त्याने त्यात कूरायनची चालच छापली आणि ती शिपायांना हे दुखणे जडवते, असे लिहिले. त्याच सुमारास झ्यूरिकच्या योहान याकोब शॉइख्त्सर याने वेगळे कारण पुढे केले : उंच पहाडातला माणूस सपाटीवर उतरला की हवेचा दाब त्याच्या अंगावर वाढतो. हे अनुमान चुकीचे ठरले. पण बुद्धिमान लोकांनाही या झुरण्याचा उलगडा किती अवघड वाटत होता हे त्यातून कळते.

खरा उलगडा केला जिनीव्हात जन्मलेल्या झाँ-झाक रूसो याने. आपल्या संगीतकोशात (१७६८) त्याने ही चाल स्वरलिपीत दिली आणि फौजेत ती वाजवल्यास मृत्युदंड होता असे नोंदवले. कोणत्या पलटणीत, कोणत्या साली, हे तो सांगत नाही, त्यामुळे मृत्युदंडाची गोष्ट ऐकीव समजणेच योग्य. पण पुढचे त्याचे विवेचन मोलाचे आहे. तो म्हणतो, एवढा परिणाम घडवणारे काही या चालीत शोधू गेल्यास सापडणार नाही. परक्या माणसावर तिचा काही असर होत नाही. स्विस माणसाला ती त्याचा मुलूख, त्याचे तरुणपण, तिथली राहणी आठवून देते, आणि ते सारे हरवल्याचे दुःख उसळून येते. येथे संगीत हे संगीत म्हणून काम करत नाही, ते आठवणीची खूण म्हणून काम करते. संगीत आणि अश्रू यांच्या नात्याबद्दल इतके नेमके विधान त्याआधी क्वचितच कोणी केले असेल.

ग्रुएर भागातील ‘ल्योबा’ हे प्रसिद्ध गीत पाहिले की रूसोचे म्हणणे पटते. ‘ल्योबा’ ही गाईंना घालायची साद. गीतात विरह नाही, परदेश नाही, मरण नाही. कोलोंबेतच्या गुराख्यांची वाट पाण्याने अडते, ते पाद्र्याकडे मदत मागायला माणूस धाडतात, पाद्री मोबदल्यात मलई न काढलेल्या दुधाचे चीज मागतो, अशी ती चक्क गमतीची गोष्ट आहे. आणि ऐकणारे रडतात ते याच गाण्याला.

आधुनिक प्रयोगांनीही याला आधार दिला आहे. २००१ मध्ये ॲन ब्लड आणि रॉबर्ट झटोर यांनी मॉन्ट्रियल येथे संगीताने अंगावर शहारे येणाऱ्या दहा जणांच्या मेंदूतील रक्तप्रवाह तपासला. प्रत्येकाने आपल्याला शहारे आणणारी रचना स्वतः निवडली होती, आणि तुलनेसाठी त्याला दुसऱ्याने निवडलेली रचना ऐकवली गेली. शहारे आणि हृदयाचे वाढलेले ठोके ज्याच्या त्याच्या रचनेशीच जुळले. एकाला हलवून सोडणारी चाल दुसऱ्याला स्थिर ठेवत होती.

संगीतकारांना या गीताने भुरळ घातली. बेथोवनच्या सहाव्या सिंफनीचा (१८०८) शेवटचा भाग अशाच धर्तीच्या सुरावटीने उघडतो, बर्लिओझच्या ‘सिंफोनी फँतास्तिक’मध्ये (१८३०) दोन गुराखी एकमेकांना साद देतात, रॉसिनीच्या ‘विल्यम टेल’च्या (१८२९) पूर्वरंगातही ते ऐकू येते. मैफलीतल्या श्रोत्याला त्यात सुंदर निसर्गचित्र दिसते, घर दिसत नाही.

‘नोस्टाल्जिया’ला मराठीत ‘स्मरणरंजन’ हा शब्द रूढ झाला आहे. तो रंजनाचा, म्हणजे सुखाचा शब्द आहे. होफरचा शब्द वेदनेचा होता आणि त्या वेदनेने माणसे दगावतात असे वैद्य मानत. राँ दे व्हाशच्या संदर्भात तरी ‘घरओढ’ किंवा ‘झुरणी’ असा शब्द वापरणे अधिक न्याय्य ठरेल.

१८४८ च्या राज्यघटनेने स्विस प्रांतांना परकीय राजांशी सैन्यपुरवठ्याचे नवे करार करण्यास बंदी केली. गीत मात्र राहिले. जिनीव्हा सरोवराकाठच्या व्हवे गावी, एका पिढीतून एकदा भरणाऱ्या द्राक्षमळेकऱ्यांच्या उत्सवात १८१९ पासून ‘ल्योबा’ गायिले जाते. १९७७ च्या उत्सवात बेर्नार रोमानेन्स याने ते गायिले, ते अजून आठवणीत आहे. अलीकडचा उत्सव २०१९ मध्ये झाला.